मॅकॉले ते भाषण करूच शकला नसता! फॉरवर्डमधला इतिहास मूळ कागदावर असा तपासा

हा मेसेज तुमच्याही फोनवर कधी ना कधी आला असेल. मॅकॉलेचा फोटो, खाली तारीख २ फेब्रुवारी १८३५ आणि ब्रिटिश संसदेत त्याने केलेलं म्हणे भाषण. त्याचा आशय असा : मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही, हा देश इतका श्रीमंत आणि नीतिमान आहे की त्याचा सांस्कृतिक कणा मोडल्याशिवाय आपण तो जिंकू शकणार नाही, म्हणून त्यांची जुनी शिक्षणपद्धती बदलून टाकू.

वाचून रक्त उसळतं आणि बोट आपोआप फॉरवर्डच्या बटणावर जातं.

पण हे भाषण झालंच नव्हतं. हे शोधून काढायला लंडनला जावं लागत नाही की इतिहासात पीएचडी करावी लागत नाही. फोन, इंटरनेट आणि साधारण अर्धा तास एवढं पुरतं. कारण ज्या कागदांसाठी एकेकाळी अभ्यासकांना बोटीने विलायतेला जावं लागायचं, त्यातले लाखो कागद आता स्कॅन होऊन फुकट उपलब्ध आहेत. प्रश्न एवढाच आहे की ते कुठे शोधायचे आणि सापडल्यावर वाचायचे कसे.

आधी मॅकॉलेचं प्रकरण निकालात काढू

पहिला प्रश्न नेहमी हाच विचारायचा : त्या दिवशी तो माणूस तिथे होता का?

थॉमस मॅकॉले फेब्रुवारी १८३४ मध्ये इंग्लंडहून निघाला आणि जूनमध्ये मद्रासला उतरला. तेव्हा या प्रवासाला असे चार-चार महिने लागायचे. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलमध्ये कायदा सदस्य म्हणून त्याची नेमणूक झाली होती आणि त्यासाठी त्याने खासदारकीचा राजीनामा दिला होता. मद्रास, तिथून गव्हर्नर जनरल बेंटिंकला भेटायला उटी आणि मग कलकत्ता, एवढाच त्याचा तोवरचा प्रवास. म्हणजे फेब्रुवारी १८३५ मध्ये तो कलकत्त्यात होता, खासदार नव्हता आणि ‘भारतभर’ फिरलेलाही नव्हता.

दुसरा प्रश्न : त्या दिवशी संसद भरली होती का?

ब्रिटिश संसदेतल्या चर्चांच्या नोंदींना ‘हॅन्सार्ड’ म्हणतात. १८०३ पासूनचं हॅन्सार्ड ऑनलाइन आहे आणि त्यात तारीख टाकून शोधता येतं. २ फेब्रुवारी १८३५ ला तिथे काहीच सापडत नाही. कारण डिसेंबर १८३४ च्या शेवटी संसद बरखास्त झाली होती, जानेवारीत निवडणुका झाल्या आणि नवी संसद भरली ती १९ फेब्रुवारीला. थोडक्यात, वक्ता कलकत्त्यात आणि सभागृह बंद.

तिसरा प्रश्न : मग ही तारीख आली कुठून?

तारीख खरी आहे. २ फेब्रुवारी १८३५ ही मॅकॉलेच्या शिक्षणविषयक टिपणाची तारीख आहे, ज्याला ‘मॅकॉलेज मिनिट’ म्हणतात. हे भाषण नाही. सरकारी कामकाजासाठी लिहिलेला तो एक शेरा आहे. भारत सरकारने १९२० मध्ये जुन्या शैक्षणिक कागदपत्रांचा एक खंड छापला होता. हेन्री शार्प हे त्याचे संपादक. त्यात हे टिपण पूर्ण आहे आणि तो खंड ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर वाचता येतो.

वाचल्यावर धक्का बसतो तो वेगळाच. फॉरवर्डमधला मॅकॉले भारताचं तोंडभरून कौतुक करतो. खऱ्या टिपणातला मॅकॉले आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही हे आधी कबूल करतो आणि तरीही युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाचं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याला भारी आहे असं ठोकून देतो. रक्ताने भारतीय पण आवडीनिवडीने आणि बुद्धीने इंग्रज असलेला एक दुभाषी वर्ग तयार करायचा, असं तो त्यात उघड लिहितो. १८१३ च्या सनदी कायद्याने शिक्षणासाठी वर्षाला किमान एक लाख रुपये ठेवले होते. तो पैसा कुठल्या शिक्षणावर खर्च करायचा, हा सगळा वाद होता.

त्याच खंडात पुढे प्रिन्सेप नावाच्या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने मॅकॉलेला कडाडून केलेला विरोधही छापला आहे. ७ मार्च १८३५ ला बेंटिंकने मॅकॉलेच्या बाजूने निर्णय दिला.

आता गंमत बघा. खोटा मेसेज मॅकॉलेला भारताचा छुपा चाहता बनवतो, तर खरा कागद त्याची तुच्छता त्याच्याच शब्दांत समोर ठेवतो. ज्याला वसाहतवादावर टीका करायची आहे त्याच्या हातात खरा कागद जास्त धारदार आहे. खोटा मेसेज मात्र एका लिंकने खोडला जातो आणि मग त्या माणसाच्या खऱ्या मुद्द्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. खोट्या उद्धरणाचं खरं नुकसान हे आहे.

प्राथमिक साधन म्हणजे काय?

घटना घडली त्या काळात, त्यात असलेल्या किंवा ती जवळून पाहिलेल्या माणसांनी मागे ठेवलेला पुरावा म्हणजे प्राथमिक साधन. पत्रं, हिशेबाच्या वह्या, कोर्टाचे जबाब, जहाजांच्या याद्या, वर्तमानपत्रं, नकाशे, फोटो हे सगळं त्यात येतं. नंतर कुणी अभ्यास करून लिहिलेलं पुस्तक म्हणजे दुय्यम साधन. आणि ते पुस्तक न वाचता कुणीतरी बनवलेली रील म्हणजे ऐकीव गोष्ट.

दुय्यम साधन कमी दर्जाचं नसतं. उलट सुरुवात चांगल्या पुस्तकापासूनच करावी, कारण कुठला कागद कुठे आहे हे त्याच्या तळटीपांतून कळतं. पण वाद झाला की शेवटचा शब्द मूळ कागदाचा असतो.

कुठे शोधायचं?

ब्रिटिश राजवटीच्या काळातल्या भारतासाठी पहिली जागा म्हणजे ‘अभिलेख पटल’, भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं पोर्टल. नाव नोंदवलं की गृह, परराष्ट्र, महसूल अशा खात्यांच्या स्कॅन झालेल्या फाइली घरबसल्या वाचता येतात. एक गोष्ट लक्षात ठेवायची : इथला शोध बहुतेक वेळा फाइलच्या शीर्षकात लागतो, आतल्या मजकुरात नाही. त्यामुळे ‘त्या काळच्या कारकुनाने या फाइलला काय नाव दिलं असेल?’ असा विचार करून शोधावं लागतं.

मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांसाठी जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेली गॅझेटियर्स आहेत. तुमच्या तालुक्यात तेव्हा कुठली पिकं होती, आठवडी बाजार कुठे भरायचा, घाटरस्ता कुठून जायचा, हे त्यात सापडतं.

मुंबईचा धागा आणखी एका अनपेक्षित ठिकाणी जातो, तो म्हणजे कतार. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘कतार डिजिटल लायब्ररी’त ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद आहेत. इराणच्या आखातातल्या बुशहर इथली ब्रिटिश रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती. आखाती देशांच्या इतिहासाची कितीतरी पानं मुंबईशी झालेल्या पत्रव्यवहारात सापडतात, ती यामुळेच.

इंग्रजांच्या पलीकडे बघायचं असेल तर डच ईस्ट इंडिया कंपनीचं दप्तर आहे. वेंगुर्ल्यात डचांची वखार होती. तिथले व्यापारी मालाच्या हिशेबाबरोबर आसपासच्या राजकारणाच्या बातम्याही वर कळवत आणि त्यात शिवाजी महाराजांच्या हालचालींचे उल्लेख येतात. हे दप्तर नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. ‘ग्लोबलाइज’ नावाच्या प्रकल्पात यातल्या सुमारे ५० लाख पानांचं हस्ताक्षर संगणकाकडून वाचून घेतलं जातंय, म्हणजे सतराव्या शतकातल्या हस्तलिखितातही शब्द टाकून शोधता येईल. गोव्यासाठी लिस्बनचं ‘तोर्रे दो तोंबो’ अभिलेखागार आहे. गोवा आणि लिस्बनमधला पत्रव्यवहार मोसमी वाऱ्यांवर चालणाऱ्या जहाजांमधून व्हायचा, म्हणून त्या पत्रांच्या बाडांचं नावच ‘मान्सूनची पुस्तकं’ असं पडलं.

जगाने भारताकडे कसं पाहिलं हे बघायचं असेल तर जुनी वर्तमानपत्रं उघडा. ऑस्ट्रेलियाचं ‘ट्रोव्ह’, न्यूझीलंडचं ‘पेपर्स पास्ट’, अमेरिकेचं ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’, नेदरलँड्सचं ‘डेल्फर’ आणि फ्रान्सचं ‘गॅलिका’ ही सगळी फुकट आहेत. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईतले गिरणी कामगार संपावर गेले. त्याची बातमी तारेने जगभर गेली. ट्रोव्हवर त्या महिन्यातले ऑस्ट्रेलियन पेपर काढले की साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला हीच घटना कशी सांगितली जात होती ते समोर येतं. ट्रोव्हवर संगणकाने चुकीचा वाचलेला मजकूर सामान्य वाचकही दुरुस्त करू शकतात आणि हजारो लोक हौसेने ते करतातही.

आकडे बोलतात तेव्हा

काही संकेतस्थळं सुट्या कागदांच्या पुढे गेली आहेत. ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ हे त्यातलं मोठं नाव. आफ्रिकेतून गुलाम नेणाऱ्या जहाजांच्या ३६ हजारांहून जास्त सफरींची माहिती तिथे एकत्र केली आहे. जहाजाचं नाव, कप्तान, बंदर, किती माणसं चढवली, किती जिवंत उतरली, असं सगळं. त्यावरून काढलेला अंदाज असा की सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांवर चढवली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडे पोचली. मधला फरक समुद्रात गेला.

दुसरं उदाहरण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचं. ब्रिटनने गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये केला तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. गुलामांना एक पैही मिळाली नाही. भरपाई मिळाली ती मालकांना. या भरपाईच्या सुमारे ४६ हजार दाव्यांच्या नोंदी आता नावानिशी शोधता येतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटिश अर्थखात्याने अभिमानाने ट्वीट केलं होतं की या भरपाईसाठी काढलेलं कर्ज २०१५ मध्ये फिटलं आणि करदात्यांनी गुलामगिरी संपवायला मदत केली. लोकांनी लगेच विचारलं, ‘पैसे नक्की कुणाला मिळाले?’ ट्वीट काढून टाकावं लागलं.

गुलामगिरीनंतर उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया मजूर गेले. सुरिनामला गेलेल्या ३४ हजारांवर भारतीय मजुरांची यादी डच राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येते. मॉरिशसला गेलेल्यांच्या नोंदी तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपल्या आहेत. त्यात मुंबई बंदरातून गेलेले, कोकणासारख्या भागातले मराठी लोकही होते. त्यांच्या वंशजांसाठी अशा नोंदीतली एक ओळ, म्हणजे नाव, वय, बापाचं नाव आणि गाव, हाच घराण्याच्या इतिहासाचा एकमेव लेखी पुरावा असू शकतो.

शोधताना लोक कुठे अडकतात?

सगळ्यात मोठी अडचण स्पेलिंगची. आजचं इंग्रजी स्पेलिंग टाकलं तर जुने कागद सापडत नाहीत. पुण्याचं ‘पूना’ सगळ्यांना माहीत आहे, पण साताऱ्यात तेव्हा दोनदा ‘टी’ लिहायचे, ठाण्याला ‘टॅना’ म्हणायचे आणि मराठ्यांना ‘म्हराट्टा’. सतराव्या शतकातल्या इंग्रज वखारींच्या पत्रांत शिवाजी महाराजांचं नाव ‘सेवाजी’च्या तऱ्हेतऱ्हेच्या स्पेलिंगमध्ये येतं. शोधायच्या आधी अशा चार-पाच स्पेलिंगांची यादी करून ठेवा.

दुसरी अडचण जुन्या छपाईची. अठराव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखं दिसायचं. संगणक ते ‘एफ’ म्हणून वाचतो आणि शब्द हरवतो. म्हणून ‘शोध शून्य’ याचा अर्थ ‘कागदच नाही’ असा लगेच घेऊ नका.

तिसरी गोष्ट, नोंदीचं स्वरूप. जुनं हॅन्सार्ड शब्दशः नाही. बऱ्याच काळापर्यंत ते वर्तमानपत्रांतल्या वृत्तांतांवरून तयार व्हायचं आणि शब्दशः अधिकृत वृत्तांत सुरू झाला तो १९०९ पासून. त्यामुळे त्याआधीच्या भाषणातला एकेक शब्द पकडून वाद घालण्यात अर्थ नसतो.

कागद खरा आहे, पण खरं बोलतोय का?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. वसाहतीच्या काळातले बहुतेक कागद राज्यकर्त्यांनी, त्यांच्या सोयीसाठी लिहिलेले आहेत. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून कर्जाचे दस्तऐवज जाळले आणि हे लोण पुणे-नगरच्या गावांत पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल म्हणजे त्या काळच्या शेतीची, कर्जांची, भावांची खाण आहे. पण त्यात या घटनेचं नाव आहे ‘दंगली’. शेतकरी त्यात आहे तो जबाब देणारा म्हणून, प्रश्न सरकारचे आहेत आणि निष्कर्षही सरकारचेच. आता त्याच्या शेजारी महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ ठेवा. काळ तोच, दुष्काळ-कर्जाचा प्रश्न तोच, पण दोष कुणाचा याचं उत्तर बदलतं.

इतिहासकार रणजित गुहांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात हेच शिकवलं की सरकारी कागद टाकून देऊ नका, उलटा वाचा. अधिकारी ज्याला ‘गुन्हेगारांचा जमाव’ म्हणतो, तिथे गावाची एकजूट दिसते का ते बघा.

निवडीचंही तसंच. पुण्याच्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड छापले गेले. त्यांचे स्कॅन आज सहज मिळतात आणि ते अमोल आहेत. पण छापला गेला तो निवडक भाग. रुमालांत बांधलेले बाकीचे मोडी कागद वाचायला मोडी जाणणारी माणसं लागतात आणि ती कमी आहेत. ‘ऑनलाइन नाही’ म्हणजे ‘अस्तित्वात नाही’ असं समजणं म्हणजे दिव्याखाली उजेड आहे म्हणून तिथेच किल्ली शोधणं.

जे जाळलं त्याचं काय?

काही कागद मुद्दाम नाहीसे केले गेले. १९६१ मध्ये ब्रिटनच्या वसाहतमंत्र्याने सूचना काढली की सरकारला अडचणीत आणतील असे कागद स्वतंत्र होणाऱ्या देशांच्या हाती देऊ नयेत. बरेच जाळले गेले, काही गुपचूप ब्रिटनला नेले.

केनियात १९५० च्या दशकात माऊ माऊ उठावाच्या वेळी छावण्यांमध्ये छळ झाला, असं तिथले वृद्ध लोक सांगत होते. इतिहासकार कॅरोलिन एल्किन्स यांनी त्यांच्या साक्षींवर आधारलेलं पुस्तक लिहिलं, तेव्हा ‘तोंडी गोष्टींवर किती विश्वास ठेवायचा?’ अशी टीका झाली. पुढे काही वृद्धांनी लंडनच्या कोर्टात दावा लावला आणि २०११ मध्ये ब्रिटिश सरकारला मान्य करावं लागलं की हॅन्स्लोप पार्क इथल्या सरकारी आवारात ३७ जुन्या वसाहतींच्या सुमारे ८,८०० फाइली पडून आहेत. त्यातल्या कागदांनी वृद्धांच्या सांगण्याला दुजोरा दिला. २०१३ मध्ये सरकारने खेद व्यक्त केला आणि ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड केली.

म्हणजे कागद नाही म्हणून घटना घडली नाही, असं होत नाही. कधीकधी आजीची आठवण आधी येते आणि फाइल साठ वर्षांनी.

डिजिटल झालं म्हणजे कायमचं झालं, असंही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या ऑनलाइन सेवा कित्येक महिने विस्कळीत राहिल्या. म्हणून महत्त्वाचा कागद सापडला की उतरवून ठेवा. त्याबरोबर अभिलेखागाराचं नाव, खातं, फाइल क्रमांक आणि पान क्रमांकही लिहून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट हा पुरावा होत नाही, कारण तो दुसऱ्याला तपासता येत नाही.

फॉरवर्ड करण्याआधी पाच प्रश्न

१. तारीख आणि ठिकाण दिलंय का? त्या दिवशी तो माणूस तिथे असू शकत होता का?

२. मूळ कागदाचं नाव काय? पुस्तक, पत्र, भाषण की सरकारी टिपण?

३. तो कागद उघडून त्या वाक्याच्या मागचं आणि पुढचं पान वाचलं का?

४. हा कागद कुणी, कुणासाठी लिहिला? त्यात लिहिणाऱ्याचा काय फायदा होता?

५. समोरच्या बाजूचा काही कागद किंवा आठवण आहे का?

एआय चॅटबॉटला विचारलं असेल तरी हेच पाच प्रश्न लागू होतात. तो अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचं पान क्रमांकासकट नाव सांगू शकतो. त्याने सांगितलेला संदर्भ उघडून दिसला तरच तो संदर्भ.

पुढच्या वेळी ग्रुपवर मॅकॉलेचा तो फोटो आला तर भांडू नका. ‘२ फेब्रुवारी १८३५ ला संसद बंद होती, खरा कागद हा घ्या’ एवढं लिहून मूळ टिपणाची लिंक टाका. ज्याने मेसेज पाठवला, त्यालाही खरा मॅकॉले वाचून जास्तच राग येईल.